चाकावरचं घर आणि जमिनीवरचा मालक

(मांजरी बुद्रुक इथं वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



निमंत्रणात माझ्या नावापुढं कवी लिहिलंय. पण मला बोलावण्याचं खरं कारण फोनवरच कळलं होतं. तुमच्यातल्या दहा जणांनी एक स्कीम ठरवलीय, त्या स्कीममध्ये कंटेनर आहे आणि मी बंदरावर कंटेनर रिकामे करतो. म्हणजे इथं माझ्या कवितेपेक्षा माझ्या खांद्याला जास्त भाव आहे. चालेल. कविता बाजूला ठेवू, डब्याचं बोलू.

स्कीम सगळ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. दहा जणांनी प्रत्येकी ५० हजार काढायचे, झाले ५ लाख. त्यात वीस-फुटी दोन जुने कंटेनर घ्यायचे. रेल्वेलाईनच्या पलीकडं, नदीच्या अंगाला एका जमीनवाल्याची पडीक जागा ११ महिन्यांच्या करारावर भाड्यानं घ्यायची. डबे तिथं ठेवायचे, दारं-खिडक्या कापायच्या, मधे पार्टिशन ठोकायचं, चार खोल्या करायच्या आणि बांधकामावरच्या मजुरांना भाड्यानं द्यायच्या. हा कागद घेऊन जो माणूस तुमच्याकडं आला तो म्हणाला, याला 'मोबाईल होम' म्हणतात, अमेरिकेत यावर लोक करोडपती झाले. बांधकाम नाही म्हणून परवानगीची कटकट नाही. जमीन विकत घ्यायची नाही म्हणून भांडवल थोडं. आणि धंदा नाही चालला तर डबा उचलायचा, दुसरीकडं नेऊन ठेवायचा. तीन वर्षांत पैसा वसूल.

कागद मी तीन वेळा वाचला. त्यात पैसा येणार कुठून ते नीट मांडलंय. जाणार कुठं ते लिहायला बहुतेक जागा पुरली नाही. तेवढं मी सांगतो.

आधी डबा काय चीज आहे ते ऐका. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. रिकामा असला तरी सव्वादोन टनांच्या आसपास. आठ कोपऱ्यांना आठ पोलादी ठोकळे, सगळा भार त्यांच्यावर. जहाजावर, ट्रेलरवर, रेल्वेवर, कुठंही तोच डबा, एकावर एक रचा. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकवाल्यानं असे ५८ डबे जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले आणि त्या दिवसापासून जगातल्या गोदी कामगाराची साडेसाती सुरू झाली. आमच्या मुंबईच्या गोदीत आधी टोळ्या होत्या. गोणी, गासडी, पेटी, जे असेल ते माणसं हुक लावून ओढत, पाठीवर घेत. एकेक जहाज दिवसेंदिवस धक्क्याला लागलेलं असे. त्या माणसांनी लढून हक्क मिळवले. १९४८ चा कायदा आला, डॉक लेबर बोर्ड आलं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. मग डबा आला. २६ मे १९८९ ला न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, १९९४ ला मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदीत जिथं जहाज लागायचं तिथं मातीचा भराव पडला. आता वर क्रेनवाला एकटा बसतो आणि खाली डबे रिकामे करायला ठेकेदाराची पोरं. कायम कुणीच नाही. त्या पोरांतला मी एक.

तर ज्या डब्यानं आमच्या आज्यांची हजेरी खाल्ली, तो डबा दहा-पंधरा वर्षं खारा वारा खाऊन म्हातारा झाला, गंजला, जहाजावर चालेनासा झाला, की तो मजुराचं घर म्हणून बाजारात येतो. माल ठेवायच्या लायकीचा उरला नाही म्हणून माणूस ठेवायचा.

तळाला प्लायवूड असतं. त्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध पाजलेलं असतं. काही मालाबरोबर आत मिथाइल ब्रोमाइडचा धूर सोडतात. असा डबा उघडला की दारं सताड टाकून थांबायचं असतं, वारा खेळू द्यायचा असतं. ठेकेदाराला घाई असली की तेवढी उसंत मिळत नाही ते सोडा. पण जुना डबा घेताना त्याच्या आयुष्यात काय काय वाहून नेलं गेलं ते कुणी सांगत नाही आणि त्याच तळावर उद्या कुणाचं तरी रांगतं पोर झोपणार असतं.

भिंतीच्या पत्र्याला नाळ्या असतात. त्या शोभेला नसतात, त्या आणि कोपऱ्याचे खांब मिळून डबा उभा राहतो. खिडकी कापली की तेवढी ताकद गेली, मग लोखंडी चौकट वेल्ड करून ती भरून काढावी लागते. ज्या वेल्डरला हे कळतं तो महाग पडतो आणि ज्याला कळत नाही तो स्वस्तात भोक पाडून देतो. उन्हाचं तर बोलायलाच नको. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी पोलादाला नुसता तळहात लावून बघा. आतून ग्लासवूल किंवा थर्माकोल लावलं नाही तर ती खोली नाही, भट्टी आहे. आणि थंडीत, पावसात छपराला भोक नसताना आत थेंब टपकतात. चार माणसांच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं. डबा घामेजतो. आम्ही बंदरावर कॉफीच्या गोणी भिजलेल्या बघितल्यात असल्या घामानं. गोणी भिजली तर विमा असतो.

आता हिशेब. वहीत लिहून घ्या, कारण तोंडी हिशेबावर आपल्या लोकांना आजवर कुणीही गंडवलंय. आकडे तुमच्याच कागदातले आहेत. जे कागदात नाहीत ते तुमच्याच पोरांनी चौकशी करून मला फोनवर सांगितलेले.

दोन डबे ४ लाख. आणणं, उतरवणं, कापणं, वायरिंग, संडास, १ लाख. चार खोल्या, खोलीला ३,५०० रुपये भाडं, म्हणजे महिन्याला १४ हजार, वर्षाला १ लाख ६८ हजार. कागदवाला इथं थांबला. ५ लाखांवर वर्षाला १ लाख ६८ हजार, तीन वर्षांत वसूल, बरोबर आहे.

आता थांबू नका. बांधकामावरचा मजूर बारा महिने राहत नाही. स्लॅब पडले, साईट संपली, ठेकेदारानं टोळी उचलून वाकडला नेली. होळीला गावी गेला, छटला गावी गेला, पेरणीला गेला. वर्षात तीन महिने खोल्या रिकाम्या धरा. ४२ हजार गेले, उरले १ लाख २६ हजार. जागेचं भाडं महिन्याला ४ हजार, वर्षाला ४८ हजार. उरले ७८. पाण्याचा टँकर, लाईट, संडासची टाकी उपसणं मिळून महिन्याला २ हजार, वर्षाला २४. उरले ५४ हजार. आता तुम्हा दहा जणांत पाच असे आहेत की त्यांच्याकडं ५० हजार रोख नाहीत, ते फायनान्सकडून उचलणार. अडीच लाखांवर शेकडा दोनच्या दरानं महिन्याला ५ हजार व्याज, वर्षाला ६० हजार.

५४ मधून ६० वजा करा.

सहा हजार खिशातून. मुद्दल अजून तिथंच आहे. गंजाला रंग मारायचा राहिलाय.

कुणी हुशार म्हणेल, कर्ज काढू नका. बरं, नाही काढलं. ५४ हजार उरले, दहा जणांत माणशी ५,४००, महिन्याला ४५० रुपये. पण ५ लाखांचा माल दहा वर्षांत भंगार होणार असेल तर वर्षाला ५० हजारांची झीज. ती बाजूला काढली की दहा जणांत मिळून वर्षाला ४ हजार. माणशी चारशे रुपये. वर्षाला! तेवढ्यासाठी दहा पोरं बारा महिने टँकरवाल्याच्या मागं फिरणार, भाडं मागायला आपल्यासारख्याच माणसाच्या दारात उभी राहणार, रात्री मीटर उडालं तर धावणार.

आणि याच वर्षात जमीनवाल्यानं ४८ हजार घेतले. त्यानं काय लावलं? एक खिळा नाही, एक घमेलं नाही, एक फोन नाही. फायनान्सवाल्यानं ६० हजार घेतले. मजुरानं १ लाख २६ हजार भरले. सगळी धावपळ डब्याभोवती आणि डब्याखाली जी माती आहे तिनं जागचं न हलता आपला वाटा आधी काढून घेतला. शिवाय दहा वर्षांत त्या मातीची किंमत कुठल्या कुठं जाणार आणि डबा किलोवर जाणार. घर म्हणून ज्याला किंमत चढते ती असते जमीन. भिंती तर उतरतच असतात, मग त्या विटेच्या असोत की पोलादाच्या.

बँकेत जाऊन विचारा, या डब्यावर घरकर्ज द्याल का. नाही देणार. कारण सातबाऱ्यावर तो चढत नाही, मिळकतपत्रिकेवर येत नाही. कायद्याच्या लेखी तो हातगाडीच्या पंगतीला बसतो.

कागदवाला म्हणतो, नाही जमलं तर उचला. उचला म्हणजे काय? हायड्रा बोलवा, ट्रेलर बोलवा, नवी जागा शोधा, तिथं खाली काँक्रीटचे ठोकळे घाला, परत वायरिंग, परत संडास. म्हणजे पहिला १ लाख पुन्हा. हे तुम्हाला माहीत आहे आणि जमीनवाल्याला तुमच्याआधी माहीत आहे. अकरावा महिना सरला की तो म्हणेल, पोरांनो, आता ४ नाही, ६ हजार. तुम्ही काय करणार? ६ द्याल, आणि ते मजुरावर चढवाल. याला म्हणतात फिरतं घर!

अमेरिकेत नेमकं हेच झालंय आणि तुमचा कागद तिथलंच गाणं गातोय म्हणून दोन शब्द तिकडचे. तिथं दोन कोटींच्या आसपास माणसं असल्या कारखान्यात बनलेल्या घरांत राहतात. बहुतेक गरीब, म्हातारी, एकटी, मोलमजुरी करणारी. घर त्यांचं, जमीन पार्कवाल्याची. नाव 'मोबाईल', पण एकदा ठेवलेलं घर बहुतेक जागचं हलत नाही, कारण हलवायचा खर्च त्या माणसाला झेपत नाही. पार्कवाला जागेचं भाडं वाढवत जातो, माणूस भरत जातो. नाही भरलं तर घर तिथंच टाकून निघतो आणि पार्कवाला ते दुसऱ्याला विकतो. फ्रँक रोल्फ नावाचा एक पार्कमालक या धंद्यात पैसा कसा लावावा याचे वर्ग घेतो. त्यानं एकदा या धंद्याची तुलना गिऱ्हाईकं खुर्चीला साखळदंडानं बांधलेल्या हॉटेलाशी केली होती. लपूनछपून नाही, उघड. मोठमोठे फंड त्या पार्कांत उतरलेत. वॉरेन बफेच्या कंपनीनं २००३ साली क्लेटन होम्स घेतली, ती अशी घरं बनवते आणि तिचीच दुसरी कंपनी ती घ्यायला कर्ज देते. करोडपती झाले हे खरंय. कोण झाले ते बघा. ज्याची जमीन तो झाला, ज्याचं कर्ज तो झाला. मधल्या मधे दोन-चार डबे घेऊन भाड्यानं देणारा चिल्लर माणूस कुठं झाला?

तिथलीच आणखी एक गोष्ट कागदवाला सांगणार नाही. न्यू हॅम्पशायर राज्यात मेरेडिथ इथं १९८४ साली एका पार्कमधल्या रहिवाशांनी एकत्र येऊन, कर्ज उभं करून, खालची जमीनच विकत घेतली आणि सहकारी मालकी केली. पुढं तशा शेकड्यांनी वसाहती झाल्या. त्यांनी डब्यात पैसा घातला नाही, मातीत घातला. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता नदीच्या अंगाच्या त्या पडीक जागेबद्दल. मांजरीत जमीन पडीक कोण ठेवतो? ३० जून २०२१ ला मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. गुंठ्याचा भाव ऐकला की आपल्याला घेरी येते. अशा गावात कुणी ११ महिन्यांसाठी ४ हजारात जागा देतोय, तर ती जागा तशी का आहे? एक तर ती पूररेषेत आहे, निळ्या रेषेच्या आत, तिथं बांधता येत नाही. किंवा तिच्यावर आरक्षण आहे. किंवा भावाभावांची कोर्टात आहे. किंवा बिल्डरशी बोलणं चालू आहे आणि तोवर कुणी झोपडी टाकू नये म्हणून राखणीला माणसं हवीत. चारीत तुम्ही आहात फुकटचे राखणदार, वर भाडं देणारे.

आणि 'बांधकाम नाही म्हणून परवानगी नाही' ही तर शुद्ध थाप. १९६६ चा महाराष्ट्राचा नगररचना कायदा काढा, एमआरटीपी म्हणतात तो. त्यात कलम ५५ खास तात्पुरत्या अनधिकृत बांधकामासाठी आहे. त्यात थोडक्या मुदतीची नोटीस देऊन काम उरकता येतं. पक्क्या इमल्याचा मालक वकील लावून वर्षानुवर्षं खेचतो. पत्र्याला, डब्याला तेवढीही उसंत नाही. तात्पुरतं म्हणजे सुरक्षित नव्हे, तात्पुरतं म्हणजे आधी उचललं जाणारं. अतिक्रमणाची गाडी आपल्या वस्तीत कितीदा आली आणि रस्त्याकडेच्या बारवर कितीदा गेली हे तुम्ही मला सांगा.

'फिरतं घर' ही नवी कल्पना आहे असं ऐकलं की मला हसू येतं. अरे, या देशात फिरतं घर आमचंच होतं! घिसाड्याचा गाडा काय होता? वडाराचं पाल, पारध्याचं पाल, कैकाड्याचं गाढवावरचं बिऱ्हाड काय होतं? त्या घरांना इंग्रजानं १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलं. जमातीच्या जमाती जन्मजात चोर. सोलापूरला तारेच्या कुंपणात कोंडल्या, हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती तार सुटली, पण गावाबाहेर पाल पडलं की पोलीस पाटलाची नजर अजून तीच. आणि २०२१ साली याच महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. चाकावरचं घर, आत पलंग, स्वयंपाकघर, एसी, समुद्रकिनारी उभं राहायला जागा, सवलती. म्हणजे चाकावर घर असणं हा गुन्हा कधीच नव्हता. चाकावर कोण झोपलाय एवढाच प्रश्न होता.

दुसरं फिरतं घर तुमच्या दारावरून जातं. इथं मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ साली उभी राहिलेली. उसाची नवी बेणी, टिशू कल्चर, उतारा कसा वाढेल, सगळ्या महाराष्ट्राची साखर तिथं अभ्यासली जाते. अभ्यास चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या उसाचा उतारा मोजतात तो ऊस तोडायला बीडहून, अहिल्यानगरहून, जालन्याहून नवरा-बायको येतात. त्या दोघांना मिळून नाव 'कोयता'. माणसाचं नाव हत्याराला नाही, हत्याराचं नाव माणसाला. मुकादमाची उचल घेऊन येतात, बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी घालतात. ऊस सरकला की कोपी सरकते. मे महिन्यात कोपी मोडून बैलगाडीत घालून परत. आता नीट बघा, या कोपीतला नफा कुठं आहे? कोपीचं भाडं कुणी घेत नाही. नफा यात आहे की जो माणूस सहा महिन्यांनी निघून जाणार त्याला घर बांधून द्यावं लागत नाही, त्याच्या पोराला शाळा द्यावी लागत नाही, त्याच्या बायकोला न्हाणी द्यावी लागत नाही. माणूस फिरता ठेवला की त्याचं घर मालकाच्या खर्चात धरावं लागत नाही. साखरेच्या पोत्यात ती न बांधलेली घरं आहेत.

बांधकामावर हेच चालतं आणि इथं तुमची स्कीम येऊन बसते. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा होता. त्याच्या कलम ३४ मध्ये स्पष्ट होतं की कामावर ठेवणाऱ्यानं बांधकाम मजुराला कामाच्या जागी किंवा जवळ तात्पुरतं राहायला घर द्यायचं, वेगळी स्वयंपाकाची जागा, न्हाणी, संडास द्यायचे. आणि हे सगळं फुकट. वाचलंत का कधी? फुकट! २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रमसंहितांत गेला. पण जवळजवळ तीस वर्षं तो पुस्तकात होता आणि पुण्याभोवती एवढे टॉवर उभे राहिले, त्यांच्या मजुरांना काय मिळालं ते तुम्ही रोज बघता. २९ जून २०१९ च्या रात्री कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत खालच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ मेले. त्यात लहान मुलं होती. बिहारकडची माणसं. तीन दिवसांनी आंबेगावात दुसरी भिंत, आणखी सहा. डिसेंबर २०२४ ला नदीपलीकडं वाघोलीत केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवरून डंपर गेला. तिघं मेले, दोन तर अजून बोलायलाही न शिकलेली पोरं.

आता तुम्ही चार खोल्या घेऊन मधे उभे राहणार. ठेकेदाराला सोन्याहून पिवळं! जी जबाबदारी त्याची, जो खर्च त्याचा, तो मजुराच्या पगारातून तुमच्या हाती येणार, तुमच्या हातून जमीनवाल्याकडं जाणार. ठेकेदार मोकळा. आणि उद्या उघडी वायर पोलादाला टेकली, सगळा डबा करंट मारायला लागला आणि एखादी बाई ओल्या हातानं दाराला चिकटली, तर गुन्हा कुणावर? सातबाऱ्यावरच्या माणसावर नाही, त्याच्याकडं करार आहे. बिल्डरवर नाही, त्याचा संबंध नाही. भाडं कोण घेत होतं? ही दहा पोरं. आडनावं वाचली की पोलिसाला फार विचार करावा लागणार नाही.

आणि गुन्हा नोंदला गेला नाही तरी मला जे बोचतं ते वेगळंच आहे. त्या चार खोल्यांत कोण येणार? मराठवाड्यातला मातंग, बिहारचा मुसहर, छत्तीसगडचा सतनामी, ओडिशाचा आदिवासी. आपलीच माणसं, फक्त बोली वेगळी. त्यांच्याकडून १४ हजार गोळा करून पाटलाला ४ द्यायचे आणि उरलेल्यात आपण मालक झालो म्हणून फेटा बांधायचा? जुन्या गावात महार वेसकर होता. सारा गोळा करायला लोकांना चावडीवर बोलावून आणायचा. शिव्या लोकांच्या खायचा आणि सारा पाटलाच्या कचेरीत जायचा. ते वतन झुगारून द्या म्हणून बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं. आपण शंभर वर्षांनी कंटेनर घेऊन ते परत मागून आणायचं?

मला माहीत आहे, मागं बसलेला भाऊ चुळबुळ करतोय. तो म्हणणार, मग आम्ही धंदा करूच नये का? आयुष्यभर ठेकेदाराकडंच मरायचं का? २००५ साली याच पुण्यात दलित उद्योजकांची डिक्की उभी राहिली, आमच्यातले लोक कारखानदार झाले, तुम्ही कवी लोक नुसते गरिबीचे गोडवे गाता. नाही बाबा. गरिबीचे गोडवे ज्याचं पोट भरलंय तो गातो. धंदा करा. वेल्डिंगचं वर्कशॉप काढा, या गावात रोज शंभर गेटं बनतात. वायरिंगचं लायसन काढा. ज्यात तुमच्या हाताचं काही जातं आणि हातात काही राहतं तो धंदा करा. पण परक्याच्या जमिनीवर ११ महिन्यांसाठी गंजकं लोखंड ठेवून, व्याजाचा पैसा लावून, आपल्याच माणसाच्या झोपेवर मिळकत बघणं याला मी धंदा म्हणत नाही. त्यात धंदा जमीनवाल्याचा आहे आणि तुम्ही त्याचे बिनपगारी कारकून.

बाबासाहेबांनी १९४७ ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं त्यात जमिनीचं काय म्हटलंय ते वाचा. जमीन राज्याच्या मालकीची, ती गावकऱ्यांना जात न बघता कसायला द्यायची, कुणी जमीनदार नाही, कुणी कूळ नाही, कुणी भूमिहीन मजूर नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारोंनी माणसं तुरुंगात गेली. त्यांना डबा नको होता, जमीन हवी होती. आपण जमिनीचं बोलणं कधी सोडलं आणि आपल्या हातात हप्त्याची पावती कधी आली, मला कळत नाही.

आणि जमीन नव्हतीच असं नाही. बहुतेक गावांत महार वतनाची जमीन होती, पडीक का असेना, होती. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं आणि जमीन ज्याची त्याला परत मिळाली ती नव्या शर्तीवर. सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, नजराणा भरावा लागतो. पुण्याभोवती त्या जमिनी कशा गेल्या? कुणाच्या आज्याला शे-दोनशे देऊन अंगठा घेतला, कुणाला मुखत्यारपत्र करायला लावलं, कुणाच्या फेरफारात नाव गळालं. नोव्हेंबर २०२५ ला इथून जवळच्या मुंढव्याची ४० एकर महार वतनाची जमीन पेपरात झळकली. सरकारच्या ताब्यातली, केंद्राच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याला दिलेली जमीन. ३०० कोटींचा व्यवहार, मुद्रांक शुल्क ५०० रुपये. बोभाटा झाला तेव्हा व्यवहार रद्द झाल्याचं जाहीर केलं. बोभाटा झाला नसता तर? डबा भाड्यानं देऊन ३०० कोटी व्हायला किती जन्म लागतील ते तुमच्या कागदवाल्याला विचारा.

माझं म्हणणं एवढंच की ५ लाख त्या डब्यात घालू नका. व्याजानं पैसा उचलणारे पाच जण तर आजच थांबा. आणि दोन कामं हाती घ्या. नदीकाठच्या लेबर कॅम्पात जाऊन किती मजुरांची बांधकाम कामगार मंडळात नोंद आहे ते मोजा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर त्यांच्या नावानं गोळा होतो आणि बहुतेकांना ते मंडळ आहे हेच ठाऊक नाही. ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला ठेकेदार का कू करतो, तिथं तुमची दहा जणांची ताकद लावा. संडास नसेल, न्हाणी नसेल तर लेखी तक्रार करा, फोटोसकट, पोच घेऊन.

दुसरं काम हवेलीच्या तहसील कचेरीतलं. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक जुन्या घराच्या आज्या-पणज्याचं नाव घेऊन वतनाचे जुने उतारे, फेरफार, १९५८ नंतरचे पुनर्प्रदानाचे आदेश यांच्या नकलांचे अर्ज करायचे. एकट्यानं जाऊ नका, कारकून एकट्याला उद्या या म्हणतो. सोमवारी सकाळी दहा वाजता पाच जण जा, माहिती अधिकाराचे अर्जही भरून न्या. ज्यांच्या घरी पेटीत, फोटोच्या मागं, भांड्यात काही जुने कागद असतील त्यांनी ते शोधून झेरॉक्स काढून आणा. मूळ कागद मात्र कुणाच्याही हातात देऊ नका. माझ्याही नाही.